अस्वस्थ मनाने स्तोत्रे कशी वाचावीत : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मन थाऱ्यावर नसलं की कुणीतरी जवळचं माणूस सांगतं, ‘बायबल वाच, बरं वाटेल.’ सल्ला चांगला आहे, पण अर्धा आहे. कुठून वाचायचं, किती वाचायचं, वाचून झाल्यावर काय करायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून उत्साहानं सुरुवात करणारी माणसं लेवीय या पुस्तकातल्या यज्ञविधींपर्यंत येतात आणि तिथे पुस्तक मिटतं ते मिटतंच. ज्याला आज, या आठवड्यात मनाला आधार हवा आहे, त्यानं माझ्या मते स्तोत्रसंहितेपासून, म्हणजे बायबलमधल्या १५० प्रार्थनागीतांच्या पुस्तकापासून, सुरुवात करावी. ख्रिस्ती घरात वाढूनही कधी मनापासून वाचलं नाही अशांसाठी, नव्यानं विश्वासात आलेल्यांसाठी, आणि अजून फक्त दाराशी उभं राहून पाहणाऱ्यांसाठीही हे लिहितो आहे.

आधी अपेक्षा नीट करून घ्या

योहानाच्या शुभवर्तमानाच्या (येशूचं जीवन सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकाच्या) १४व्या अध्यायात येशू म्हणतो, “मी तुम्हांला शांती देऊन ठेवतो, मी आपली शांती तुम्हांला देतो, जसे जग देते तसे मी तुम्हांला देत नाही.” हे वचन अनेक ख्रिस्ती घरांत भिंतीवर असतं. पण ते कोणत्या रात्री उच्चारलं गेलं ते पाहा. शेवटचं भोजन चालू होतं. येशूला धरून देणारा शिष्य यहूदा उठून अंधारात निघून गेला होता. काही तासांत अटक आणि दुसऱ्या दिवशी क्रूस. त्याच बोलण्यात पुढे, १६व्या अध्यायाच्या शेवटी, येशू शिष्यांना स्पष्ट सांगतो की जगात तुमच्यावर संकटं येतील. प्रेषित पौलानं फिलिप्पै शहरातल्या मंडळीला पत्रात चिंता करू नका असं लिहिलं, तेव्हा तोही बेड्यांत होता.

म्हणून कर्ज फिटलं, रिपोर्ट चांगला आला, मुलाला नोकरी लागली की जी निश्चिंती वाटते ती मिळेल, अशा आशेनं शास्त्र उघडू नका. इथली शांती सोबतीतून येते. देव जवळ आहे आणि तो ऐकतो आहे, याची हळूहळू पटत जाणारी खात्री म्हणजे ती शांती. पुढच्या पायऱ्या त्या सोबतीत जाऊन बसायला शिकण्यासाठी आहेत.

पहिली पायरी : पुस्तक आणि जागा

बहुतेक मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं ‘पवित्र शास्त्र’ वापरतात. भाषा थोडी जुन्या वळणाची आहे, पण मोठ्यानं म्हणताना तिची लय जिभेवर बसते, आणि स्तोत्रं मोठ्यानंच म्हणायची असतात. ती फार जड वाटली तर सोप्या मराठीतली भाषांतरंही मिळतात. कॅथलिक वाचकांनी आपल्या चर्चमध्ये फादरना विचारावं. कॅथलिक बायबलच्या जुन्या करारात काही पुस्तकं जास्त असली, तरी स्तोत्रं दोन्हीकडे १५०च. मात्र जुन्या कॅथलिक पुस्तकांत बऱ्याच स्तोत्रांचा क्रमांक एकानं कमी असतो, म्हणजे मेंढपाळाचं २३वं स्तोत्र तिथे २२वं सापडतं. गोंधळून जाऊ नका. ‘मुख्य गवयासाठी’ अशा सूचना आणि मधेच येणारा ‘सेला’ हा शब्द वाचताना सोडून दिलात तरी चालेल.

मोबाइलवर मराठी बायबल मोफत मिळतं. तरी सुरुवातीला छापील पुस्तक घ्या असं मी आग्रहानं सांगेन. ज्या फोननं मन सैरभैर केलेलं असतं, त्याच फोनवर ते स्थिर करायचं म्हणजे अवघडच.

वेळ रोज एकच असू द्या, दहा-पंधरा मिनिटांचा. एका खोलीत पाच माणसं राहत असतील तर गच्ची, जिना, नाहीतर दुपारी उघडं असणारं चर्च बघा. खुर्चीवर बसा, जमिनीवर बसा, डोकं झाका किंवा झाकू नका. यातलं काहीही शांतीच्या आड येत नाही.

दुसरी पायरी : शरीराकडे बघा

ही पायरी सहसा गाळली जाते, म्हणून थोडं थांबतो. १ राजे, अध्याय १९. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीनं जीव घेऊन पळाला आहे. रानात एका झुडपाखाली बसून तो देवाकडे मरण मागतो. आता पुरे झालं, असं म्हणून तिथेच झोपी जातो. देवदूत येतो. तो एलीयाला उपदेश करत नाही, की तुझा विश्वास कुठे गेला म्हणून विचारत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं त्याच्या उशाशी असतं. ऊठ, खा. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा खायलाच सांगतो, कारण पुढची वाट लांबची आहे. त्यानंतर कितीतरी दिवसांनी होरेब डोंगरावर, वारा, भूकंप आणि अग्नी होऊन गेल्यावर, मंद वाणीतून देव त्याच्याशी बोलतो.

रात्रपाळी करून आलेल्या माणसानं, तान्ह्या बाळाच्या आईनं, घरातल्या आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यानं आधी हा अध्याय वाचावा. झोप झालेली नसेल तर आज एक ओळ वाचा आणि झोपा. देवाला ते चालतं.

तिसरी पायरी : तक्रारीपासून सुरुवात

नव्यानं प्रार्थना करणारा माणूस बहुधा चांगलं चांगलं बोलायला लागतो. आभार, स्तुती, ‘तुझी इच्छा’. आत मात्र राग, भीती आणि अपमान तसेच दबून राहतात. मग प्रार्थना करूनही बरं वाटत नाही आणि आपल्यातच काही खोट आहे असं वाटू लागतं. शांतीकडे जायची शास्त्रातली वाट तक्रारीतून जाते. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं सगळ्या प्रकारांत जास्त आहेत, आणि हा काही योगायोग नाही.

१३वं स्तोत्र उघडा. फक्त सहा वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद राजा देवाला पुन्हा पुन्हा एकच विचारतो, कोठवर? तू मला कोठवर विसरणार, माझ्यापासून तोंड कोठवर लपवणार, मी मनातल्या मनात कोठवर झुरत राहू? ही अत्यंत धीट भाषा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांशी आपण अशी बोलणार नाही, पण शास्त्रानं ती पवित्र मानून जपून ठेवली आहे. मधल्या दोन वचनांत मागणी येते, माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांना प्रकाश दे. आणि शेवटच्या दोन वचनांत स्वर बदलतो, मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे, मी गाईन. दाविदाचे शत्रू तेवढ्यात पळालेले नाहीत, परिस्थिती तीच आहे. फक्त जे आत कोंडलं होतं ते आता देवापुढे मांडलं गेलं आहे.

आता तेच तुम्ही करा. एक साधी वही घ्या. स्तोत्र दोनदा मोठ्यानं वाचा. मग वहीत तीन भाग करा : तक्रार, मागणी, भरवसा. पहिल्या भागात स्वतःची गोष्ट लिहा आणि नावानिशी लिहा. ‘मला चिंता आहे’ एवढ्यानं भागत नाही. ‘पगार झाला नाही आणि शाळेची फी सोमवारी भरायची आहे’ असं लिहा. ‘आई गेली आणि तू काही केलं नाहीस’ असं वाटत असेल तर तेही लिहा. भाषा घरातली असू द्या. मालवणीत, अहिराणीत, वऱ्हाडीत, वसईच्या सामवेदीत लिहा. प्रार्थनेसाठी पुस्तकी मराठी शोधत बसायचं कारण नाही.

दुसऱ्या भागात एकच नेमकी मागणी. तिसऱ्या भागात घाई करू नका. भरवसा वाटत नसेल तर ती जागा कोरी ठेवा. ८८वं स्तोत्र तसंच संपतं, अंधारात, आशेची ओळ न येता, आणि तरीही ते बायबलमध्ये आहे. त्या स्तोत्रकर्त्यानं एकच केलं : अंधारातही तो देवालाच हाक मारत राहिला. कोऱ्या जागेपुढे तुम्हीही फक्त ‘हे परमेश्वरा’ एवढंच लिहून वही मिटू शकता.

चौथी पायरी : थोडं वाचा, सावकाश वाचा

मध्ययुगीन मठांतून चार टप्प्यांची एक पद्धत चालत आली आहे. १२व्या शतकातल्या दुसरा गुईगो या कार्थुसी संन्यासी संघातल्या मठाधिपतीनं ते टप्पे नीट मांडून ठेवले : वाचन, मनन, प्रार्थना आणि देवापुढे निवांत राहणं. नावं मोठी वाटतात, करायला सोपं आहे. आधी एक छोटा उतारा वाचायचा. त्यातली जी ओळ मनाला अडकेल तिच्यावर थांबायचं. ती ओळ आपल्याला का अडकली ते देवाशी बोलायचं. मग बोलणंही थांबवून तसंच बसायचं.

सरावासाठी १३१वं स्तोत्र घ्या. तीनच वचनं. दावीद म्हणतो, माझ्या आवाक्याबाहेरच्या मोठ्या गोष्टींत मी पडत नाही. दूध तुटलेलं मूल आपल्या आईपाशी असतं तसा माझा जीव माझ्याठायी निवांत आहे. घरात लहान मूल वाढवलेल्याला यातला बारकावा लगेच कळतो. अंगावर पिणारं मूल आईच्या कुशीत गेलं की दुधासाठी धडपडतं. दूध तुटलेलं मूल मात्र आई हवी म्हणूनच मांडीवर येऊन बसतं. देवाकडे रोज काहीतरी मागायलाच जाणाऱ्या आपल्यासारख्यांना या तीन वचनांत महिनाभर राहता येईल.

विचारांचं चक्र थांबत नसेल तर ४२वं आणि ४३वं स्तोत्र एकापाठोपाठ वाचा. त्यांत एक ध्रुपद तीनदा येतं. स्तोत्रकर्ता स्वतःच्याच जिवाला विचारतो, तू खिन्न का झालास, आतल्या आत तळमळतोस का, देवाची आशा धर. मन जे बोलेल ते निमूट ऐकत बसण्याऐवजी तो मनाशीच बोलतो. पहाटे तीनला जाग येऊन वाईट वाईट सुचायला लागलं की हे करून पाहा. स्वतःच्या नावानं स्वतःला हाक मारा आणि ते ध्रुपद हलक्या आवाजात म्हणा.

पाचवी पायरी : दिवसासाठी एक ओळ, रात्रीसाठी एक स्तोत्र

सकाळची पंधरा मिनिटं संपतात आणि दिवस सुरू होतो. ऑफिस, लोकलची गर्दी, सासरची कटकट. यासाठी योहान कासियनचा उपाय मला फार मोलाचा वाटतो. चौथ्या शतकाच्या शेवटी मिसरच्या वाळवंटातल्या संन्याशांमध्ये तो राहिला होता. त्यानं शिकवलं की ७०व्या स्तोत्राचं पहिलं वचन दिवसभर ओठांवर ठेवा : देवा, मला सोडवायला ये, माझ्या साहाय्याला धाव. जेवताना, चालताना, मोह झाला असता, घाबरल्यावर, आणि सगळं बरं चाललं असतानाही. ओळ छोटी असल्यानं एका श्वासात म्हणून होते. ती तोंडपाठ करा आणि दुसऱ्या ओळीच्या मागे लागू नका.

रात्रीसाठी ४, ९१ आणि १३४ ही स्तोत्रं आहेत. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं आपल्या मठांतल्या शेवटच्या प्रार्थनेसाठी हीच तीन नेमली होती. १३४वं स्तोत्र इतकं लहान आहे की दमलेल्या माणसालाही जमतं. त्यांना जोडून ३१व्या स्तोत्रातलं पाचवं वचन म्हणा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो. लूकच्या शुभवर्तमानात क्रूसावरच्या येशूच्या तोंडी शेवटी हेच वचन आहे. आणि मत्तय व मार्क सांगतात की त्याआधी, त्याच क्रूसावर, त्यानं २२व्या स्तोत्राची पहिली ओळ मोठ्यानं उच्चारली होती : माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? म्हणजे तक्रार आणि सोपवून देणं, दोन्ही त्यानं स्तोत्रांच्याच शब्दांत केलं. तुम्ही ही स्तोत्रं म्हणता तेव्हा एकटे म्हणत नाही, असं ख्रिस्ती परंपरा सांगते ते याच अर्थानं.

सहावी पायरी : राग आला तर

कधीतरी १०९वं किंवा १३७वं स्तोत्र समोर येईल आणि तुम्ही दचकाल. शत्रूला भयंकर शाप आहेत त्यांत. नव्या वाचकानं ती आत्ता बाजूला ठेवली तरी हरकत नाही. पण ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला आहे त्याला ती केव्हातरी लागतील. सूड घ्यावासा वाटतो हे देवाला सांगायचं आणि सूड त्याच्यावर सोपवायचा, पौल रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात हेच शिकवतो.

तिथेच तो म्हणतो की शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांशी शांतीनं राहा. ‘तुमच्याकडून होईल तितकं’ हे शब्द पौलानं जाणून घातले आहेत. भावाशी बोलणं बंद असेल, माफी मागायची राहिली असेल, तर ती गाठ सुटल्याशिवाय प्रार्थनेत मन लागत नाही. येशूनंही वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं. मात्र जिथे मारहाण किंवा छळ होतो आहे तिथे परत जाणं म्हणजे क्षमा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आधी सुरक्षित व्हा. क्षमेचं पुढे बघता येईल.

सातवी पायरी : शुभवर्तमानाकडे वळा

तीन-चार आठवडे स्तोत्रं वाचल्यावर मार्कचं शुभवर्तमान हाती घ्या, ते चारांत सर्वांत लहान आहे. चौथ्या अध्यायात वादळाची गोष्ट येते. नाव पाण्यानं भरते आहे आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपला आहे. शिष्य त्याला उठवतात ते चक्क दोष देत : आम्ही बुडतो आहोत याची तुला काळजी नाही काय? हेही एक विलापाचं स्तोत्रच आहे, फक्त कोळ्यांच्या तोंडचं. मार्कच्या सांगण्यात येशू आधी वाऱ्याला आणि समुद्राला गप्प करतो, मग शिष्यांना त्यांच्या भित्रेपणाबद्दल विचारतो.

त्यानंतर फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४, वचनं ६ आणि ७ पाठ करा. त्यात करायची कृती आहे : चिंतेची गोष्ट आभारासह देवाला कळवा. वहीत आता चौथा भाग जोडा, आभाराचा. आज मिळालेलं काहीही लिहा, मग ते रिक्षावाल्यानं सुट्टे परत दिल्याइतकं छोटं का असेना.

लवकर काही घडलं नाही तर

पंडिता रमाबाईंचं आयुष्य आठवा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण गेले. १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये नवरा गेला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांनी पुढे आपल्या साक्षीत मोकळेपणानं लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्यानंतर त्यांना ती शांती गवसली. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या या विदुषीनं मग हिब्रू आणि ग्रीकमधून अख्खं बायबल सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. त्या कामाच्या काळातच, १९२१ मध्ये, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. १९२२ मध्ये केडगावला स्वतः रमाबाईही गेल्या, पण भाषांतर पुरं करूनच. इतक्या मोठ्या बाईला आठ वर्षं लागली. तुम्हाला आठवडाभरात काही वाटलं नाही म्हणून निराश होऊ नका.

एकटे राहू नका, आणि डॉक्टर टाळू नका

रविवारच्या उपासनेला किंवा मिस्साला जा. पहिल्यांदा जाताना मागच्या बाकावर बसा, सगळे उठले की उठा, कळलं नाही तर शेजारच्याला विचारा. प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेण्याविषयी प्रत्येक मंडळीचे नियम निराळे असतात, म्हणून आधी पाळकसाहेबांशी किंवा फादरशी बोला. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं मराठी मंडळ्यांत आजही पेटी-तबल्यावर गायली जातात. स्वतःची प्रार्थना आटून गेली असेल त्या दिवशी दुसऱ्यांच्या गाण्यात नुसतं उभं राहिलं तरी पुरतं.

एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि कामातलं लक्ष उडालं असेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर प्रार्थना चालू ठेवाच, पण मानसोपचारतज्ज्ञाकडेही जा. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. चालू असलेली औषधं कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका, तो कितीही मोठा प्रार्थना करणारा असो. पौलाचा सोबती लूक वैद्य होता आणि पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. तुझा विश्वास कमी म्हणून तू आजारी, असं सांगणाऱ्यापासून आणि शांतीच्या बदल्यात पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा.

पहिल्या महिन्याचं वाचन

पहिला आठवडा रोज १३वं स्तोत्र, वहीसह. दुसरा आठवडा ४२ आणि ४३. तिसऱ्या आठवड्यात ५५वं घ्या, त्यात जवळच्या मित्रानं केलेला घात आहे आणि आपला भार परमेश्वरावर टाकण्याचं वचनही आहे. चौथ्यात १३१ आणि २३. मनात स्वतःच्या पापाची बोच असेल तर यांपैकी कुठल्याही आठवड्याच्या जागी ३२वं किंवा ५१वं ठेवा. रात्री रोज १३४वं. महिना झाल्यावर वहीतली पहिली पानं परत वाचा, आणि मग मार्कचा पहिला अध्याय उघडा.